पुढच्या रांगेतले शंकरपाळे

"गेला बिचारा," असं म्हणायचे आणि शंकरपाळा तोंडात टाकायचे.

गेलेला असायचा तो रणगाडा. तोही रशियाचा. जागा म्हणजे आमचं सिंगापूरमधल्या सेंगकांगच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल, वेळ शनिवारी दुपारची, आणि बोलणारे गृहस्थ एका बँकेत रिस्क मॅनेजर. दुसऱ्या महायुद्धात रशियाची एक टँक आर्मी, म्हणजे शेकडो रणगाड्यांचं अख्खं सैन्य, ज्याच्या हाताखाली होतं अशा एका सेनापतीवर या माणसाचा जीव जडला होता. त्या सेनापतीचं नाव ते क्वचितच घ्यायचे. "आपला जनरल" म्हणायचे, जसा काही तो आमच्याच ब्लॉकमध्ये सहाव्या मजल्यावर राहतो. त्यामुळे आमची मुलं त्यांनाच जनरलकाका म्हणायला लागली. त्यांचं खरं नाव मी इथे लिहिणार नाही. त्यांना पुन्हा कोणी ओळखावं असं मला वाटत नाही.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेलच. एरवी चारचौघांसारखा, पण एक विषय निघाला की अंगात येतं. कोणाचं क्रिकेट असतं, कोणाचं नाट्यसंगीत. यांचे रणगाडे. बरं, स्वतः कधी रणगाड्याच्या जवळही गेलेले नव्हते. पुण्यात असताना स्कूटर चालवायचे, तीही बायको मागे बसली की रस्त्याच्या कडेकडेने. कॉलेजात असताना फूटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत त्यांना एक जाडजूड, कव्हर फाटलेलं पुस्तक मिळालं आणि तेव्हापासून हे खूळ लागलं, असं त्यांची बायको सांगायची. "माझ्या आधीची सवत आहे ती," असंही म्हणायची.

सेंगकांगमधली आम्ही सात मराठी घरं महिन्यातून एका शनिवारी कोणा एकाच्या घरी जमायचो. जेवणं व्हायची, मग फराळाची ताटं यायची, आणि मग जनरल आपलं ताट बाजूला सारून टेबलाच्या मधोमध जागा करायचे. गोड शंकरपाळे रशियाचे, खारे जर्मनीचे. चिवडा म्हणजे पायदळ. शेवेची नदी. बेसनाचा लाडू म्हणजे मॉस्को, आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला चिवड्याचा मोठा डबा, ते बर्लिन. मुलं कोपरं टेकून भोवती गोळा व्हायची. मोठी माणसं आपण ऐकत नाही असं दाखवत ऐकायची.

पहिल्या हिवाळ्यात आपल्या जनरलकडे मूठभर शंकरपाळे असायचे. समोर खाऱ्यांची झुंड. मग तो ते लाडवाच्या आडोशाला, कढीपत्त्याच्या झाडीत दडवून ठेवायचा आणि खारे अगदी जवळ आले की हाणायचा. पुढे त्याचा हुद्दा वाढायचा, ताटातले शंकरपाळे वाढायचे. कुर्स्कच्या मोठ्या लढाईच्या उन्हाळ्यात तर टेबलावर हात ठेवायला जागा नसायची. पुढची रांग धडाधड पेटायची आणि जनरलांच्या तोंडात जायची. "गेला बिचारा. गेला बिचारा. हाही गेला." तोंड भरलेलं, बोलणं धड कळायचं नाही, आणि मुलं हसून हसून लोळायची. मेलेले रणगाडे आपल्यालाही खायला मिळावेत म्हणून त्यांच्यात मारामारी व्हायची. त्यानंतर मागची रांग जी सुटायची ती शेवेच्या नद्या ओलांडत सरळ डब्यापर्यंत. चहा होईपर्यंत बर्लिन पडलेलं असायचं.

"टँक आर्मी कधी घाईने सोडायची नाही," हे त्यांचं तत्त्व. आधी पायदळाने फळी फोडायची, मग रणगाडे आत घुसवायचे. हे ते रोजच्या जगण्यातही लावायचे. सकाळी एलआरटीच्या ट्रेनला गर्दी असली की मागे उभं राहून म्हणायचे, "थांबा वहिनी, आधी खिंडार पडू दे." हॉकर सेंटरमध्ये खाण्याच्या स्टॉलसमोर रांग लांब असली तरी तेच. लिफ्टचं दार उघडलं तरी तेच. खिंडार पडेपर्यंत लिफ्ट निघून जायची.

त्यांना एकच मुलगा, केदार. आमच्या निनादच्या वर्गात. लहानपणी हा केदार मेलेले रणगाडे खाण्यात सगळ्यात पुढे असायचा. मोठा झाला तसा वडिलांच्या शेजारी बसून मांडामांड करू लागला. वडील एखादी तुकडी चुकीच्या जागी ठेवायला लागले तर "Pa, not there lah, नदीच्या this side," असं सांगायचा. त्या वेळी जनरल त्याच्याकडे ज्या नजरेने बघायचे ती मला अजून आठवते. आपण ज्याचं इतकी वर्षं वेडासारखं सांगतोय, ते एकाला तरी खरंच कळलंय, अशी ती नजर होती.

आता इथला एक कायदा तुम्हाला माहीत असायला हवा. सिंगापूरमध्ये मुलगा अठराचा झाला की त्याला दोन वर्षं लष्करात काढावी लागतात. एनएस, म्हणजे नॅशनल सर्व्हिस, म्हणतात त्याला. इथल्या नागरिकांच्या मुलांना तर ते सुटतच नाही. पण आपल्यासारख्या बाहेरून आलेल्यांपैकी ज्यांनी नागरिकत्व न घेता नुसता पीआर, म्हणजे कायमचा रहिवास घेतलाय, त्यांच्या मुलांनाही ते करावं लागतं. फरक इतकाच, की त्यांना मुलाचा पीआर वेळेत सोडून त्याला भारतात पाठवता येतं. मग त्या मुलाला इथलं दार जवळपास बंद होतं, पण एनएस टळतं. मुलगे दहावीच्या वयाला आले की आमच्या सातही घरांत दार लावून हाच एक विषय चालायचा. बाहेर मात्र सगळे शाळांबद्दल बोलायचे.

त्या शनिवारी आम्ही जनरलांच्याच घरी होतो. केदार सतरा पुरा झालेला. त्याने कोणीही न विचारता जाहीर केलं, "I want Armour. टँकवर. निनाद also." आमचा निनाद नुसता खांदे उडवून हसला. जनरलांची छाती फुगली. मांडामांड झाली, मोहीम सुरू झाली. कुर्स्कच्या आधी केदारने ताटातून एक शंकरपाळा उचलला, खुणेसाठी त्याचा एक कोपरा तोडला आणि तो पहिल्या रांगेत मधोमध ठेवला.

"This one me," तो म्हणाला.

सगळे हसले. जनरलही हसले. मग तोफा सुरू झाल्या, पुढची रांग पेटायला लागली. "गेला बिचारा," एक. "गेला बिचारा," दुसरा. हात कोपरा तुटलेल्या शंकरपाळ्यापाशी आला आणि तिथेच राहिला. मुलं वाट बघत होती. केदार हसत वडिलांच्या तोंडाकडे बघत होता. जनरलांनी एकदम दोन्ही हातांनी टेबलावरचं सगळं, रशिया, जर्मनी, नदी, मॉस्को, एकत्र गोळा केलं आणि डब्यात लोटून दिलं.

"चहा घ्या," ते म्हणाले.

आम्हाला वाटलं, ब्लडप्रेशर असेल. त्या दिवशी बर्लिन पडलं नाही.

काही महिन्यांतच केदारचा पीआर सोडल्याचं कळलं. पुण्याला कॉलेजात प्रवेश घेतला होता, हॉस्टेल ठरलं होतं. कोणाला काही न सांगता सगळं उरकलं. चांगी विमानतळावर पोचवायला निनाद गेला होता. घरी आला आणि शूज काढता काढता म्हणाला, "He never say bye to his Pa, you know. Not one word."

मग आमची तोंडं सुटली. सातांपैकी दोन घरांनी आपापले मुलगे याच वाटेने आधीच पाठवले होते. त्यांना कोणी अवाक्षर बोललं नव्हतं. त्या घरांत कधी शौर्याच्या गोष्टी झाल्या नव्हत्या ना. फ्लॅटच्या किमती आणि शिकवण्यांबद्दल बोलणाऱ्या माणसाने मुलगा हलवला तर तो व्यवहारी, आणि जनरलांनी हलवला तर तो पळपुटा. "टँक आर्मीने माघार घेतली," असं एकजण म्हणाला आणि आम्ही सगळे हसलो. मी पण. ते हसू आठवलं की मला आजही कोणाच्या तोंडाकडे बघवत नाही.

ते तरीही शनिवारी येत राहिले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे, चकली खायचे. एकदा कोणीतरी मुद्दाम शंकरपाळ्यांची बशी त्यांच्या पुढ्यात सरकवली आणि म्हणालं, "काय जनरल, आज मोहीम नाही?" त्यांनी बशी उचलून शेजारच्याला दिली, आणि इतकं नम्रपणे हसले की विचारणारा स्वतःच उठून पाणी प्यायला गेला. त्यांच्या बायकोने शंकरपाळे करणं बंद केलं. सवत गेली म्हणून ती खूश असेल असं मला वाटलं होतं, पण ती त्यांच्याशीही फारशी बोलेनाशी झाली होती.

पुढे निनादची वेळ आली. पहिल्या दिवशी आईवडिलांना मुलांबरोबर फेरीबोटीने त्या ट्रेनिंगच्या बेटावर नेतात. खोल्या दाखवतात, पलंग दाखवतात, जेवू घालतात, मुलं हात वर करून शपथ घेतात आणि मग आपण एकट्याने परत यायचं. मी परतीच्या फेरीबोटीत रडले. घरी आल्यावर सगळ्यांचे फोन. "वहिनी, तुमची खरंच कमाल. धीराच्या आहात." मी "कसलं हो" म्हणत राहिले आणि ते कौतुक एकेक करून ठेवून घेत राहिले. खरं सांगायचं तर त्यातलं काहीच माझं नव्हतं. निनाद दुसरीत असताना आम्ही नागरिकत्व घेतलं, कारण तेव्हा शाळा सोयीची मिळत होती. एनएस तेव्हा कोणाच्या मनात होतं? पुढे नवऱ्याला मी कितीदा तरी विचारलं होतं की यातून काही वाट आहे का. वाट नव्हती.

पहिले काही आठवडे झाले की मुलांना शनिवार-रविवार घरी सोडतात. रविवारी संध्याकाळी त्यांना परत पासिर रिस स्टेशनला पोचवायचं. तिथून त्यांची बस फेरीबोटीच्या धक्क्याकडे जाते. स्टेशनबाहेर सगळीकडे तासलेली डोकी, पाठीवर मोठ्या बॅगा, आणि प्रत्येक डोक्यामागे एक आई काहीतरी खायचं कोंबत असलेली. चिनी, मलाय, तमिळ, सगळ्या आया अगदी एकसारख्या वागत होत्या.

तिथे खांबाजवळ मला जनरल दिसले. हातात स्टीलचा डबा.

मला भरून आलं. वाटलं, निनादला भेटायला आले. मी हाक मारणार, इतक्यात त्यांच्या शेजारी उभी असलेली एक चिनी बाई त्यांना म्हणाली, "Uncle, every week I see you. Your boy which company ah?"

जनरल म्हणाले, "My boy? He is in front. Front bus. Already gone."

"Wah, so early. Good boy," बाई म्हणाली.

"Good boy," जनरल म्हणाले.

आपण कोणाला तरी उघडं बघितलं आणि त्याला ते अजून कळलेलं नाही, असं काहीतरी वाटलं. मला तिथून निघून जायचं होतं. पण निनादने त्यांना बघितलं होतं आणि तो मोठ्याने ओरडलाच, "जनरलकाका!"

ते वळले. आधी निनादकडे बघून चेहरा उजळला, मग त्याच्यामागे मी दिसले आणि तो तसाच विझला. मी ऐकलंय हे त्यांना लगेच कळलं. त्यांनी पुढे होऊन डबा निनादच्या हातात दिला. "घे रे. सगळ्यांनी वाटून खा," म्हणाले. आवाज चांगला ठेवायचा प्रयत्न करत होते. निनादने डबा बॅगेत टाकला आणि बस निघाली.

आम्ही बसस्टॉपच्या बाकावर बसलो.

"तुम्ही ऐकलंत," ते म्हणाले.

"ऐकलं."

"दर रविवारी येतो. घरी सांगतो, चालायला जातो. शंकरपाळे विकतचे आहेत, लिटिल इंडियातून आणतो." मग म्हणाले, "लाज वाटते वहिनी. पण आलो नाही तर जास्त वाटते."

मग तेच सांगत गेले.

"इथे कुठे युद्ध आहे? मुलं दोन वर्षं कवायत करून, काळी होऊन परत येतात. मला काय ते कळत नाही? माझं कामच आहे ते, कशात किती धोका आहे हे सांगायचं. पण त्या दिवशी त्याने तो शंकरपाळा पुढे ठेवला आणि माझा हात चालेना. दहा वर्षं मी त्या पोराला सांगत आलो, की पुढची रांग जाते म्हणून मागची बर्लिनला पोचते. आणि पुढची रांग मी खात होतो, वहिनी. हसत खात होतो. त्या प्रत्येक गाडीत चार-पाच पोरं होती. केदारच्याच वयाची."

"केदार बोलतो का?" मी विचारलं.

"फोनवर 'हं' म्हणतो. एकदाच बोलला. म्हणाला, 'Pa, other people's sons can go, is it?'" त्यांनी हात पालथे करून गुडघ्यांवर ठेवले. "याला काय उत्तर द्यायचं? खरंच म्हणाला तो. मला हेच म्हणायचं होतं. दुसऱ्यांची जाऊ देत."

मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचं बरं आहे. तुम्ही धीराच्या. पाठवलात."

इतके दिवस ठेवून घेतलेलं ते कौतुक मला तिथे जड झालं. "मी पाठवला नाही हो," मी म्हणाले. "आम्ही सिटिझन आहोत. पाठवावाच लागला. वाट असती तर मी तुमच्या आधी पळाले असते."

त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटलं त्यांना जरा हलकं वाटेल. ते म्हणाले, "असेल. पण तुमचा मुलगा तुमच्याकडे बघून बोलतो ना."

त्यानंतर ते पासिर रिसला दिसले नाहीत. मी दर रविवारी त्या खांबाकडे बघायचे. वाटायचं, माझ्यामुळे त्या बिचाऱ्याची उभं राहायची जागाही गेली. वर्ष संपता संपता त्यांनी बँकेला सांगून पुण्याच्या ऑफिसात बदली करून घेतली आणि इथलं सगळं आवरलं. जाताना त्यांची बायको आमच्याकडे कुंड्या ठेवून गेली. ते खाली टॅक्सीत बसून होते. मी खाली गेले, तर काच खाली करून म्हणाले, "निनादला कुठे टाकलं?"

"टँकवर," मी सांगितलं.

त्यांनी मान हलवली, काच वर केली.

गेल्या शनिवारी निनाद घरी आला होता. मी बऱ्याच दिवसांनी शंकरपाळे केले होते. बशी पुढे घेऊन तो एका हाताने खात होता, दुसऱ्या हातात फोन. मध्येच खायचा थांबला.

"केदारचा मेसेज," तो म्हणाला. "जनरलकाका went to his hostel. मेसच्या टेबलावर सगळं मांडलं, केदारच्या फ्रेंड्ससमोर. रशिया, जर्मनी, everything."

"मग?"

"फ्रंटची रांग he never eat, Ma. One by one उचलून साइडला ठेवली, straight line. प्रत्येकाला 'गेला बिचारा' म्हणाले." निनाद फोनवर बोट सरकवत वाचत होता. "मग एकाचा corner तोडला. And he told all of them, हा माझा मुलगा. सुरू व्हायच्या आधीच मी याला उचलून खिशात टाकला. He was not scared. I was scared."

मी विचारलं, "मग बर्लिन?"

"No Berlin. Stop there." निनाद पुढचं वाचत होता. "केदार says nobody talk. So he went and got tea for his Pa."

त्याने फोन पालथा ठेवला आणि बशीतला एक शंकरपाळा उचलला. लगेच तोंडात टाकला नाही. बोटांत फिरवत राहिला, मग टेबलावर ठेवला, त्याच्या शेजारी दुसरा, मग तिसरा. उद्या संध्याकाळी त्याला परत जायचं होतं. मी पुढे झाले, टेबलावरचे ते तिन्ही उचलून बशीत टाकले आणि बशी आत न्यायला घेतली.

"Ma, I haven't finish lah."

"चहा घे आता," मी म्हणाले.